मातृभाषा : इतर

पंचवीस वर्षं मी चौकोन काढून पोट भरलं. लग्नकार्यात ओळख करून देताना आमचे हे "ही सॉफ्टवेअरमध्ये आहे" म्हणायचे, आणि समोरचा माणूस लगेच आपल्या भाच्याला अमेरिकेला कसं पाठवायचं ते मला विचारायचा. मी कुणालाही अमेरिकेला पाठवलं नाही. स्वतःही गेले नाही. मी हैदराबादेत, आबिड्सला, एका चपलांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर बसून चौकोन काढत होते.

सॉफ्टवेअर लिहिण्याआधी त्याचा नकाशा काढावा लागतो, घराचा काढतात तसा. 'विद्यार्थी' हा एक चौकोन, 'शाळा' हा दुसरा, दोघांना जोडणारी एक रेघ. चौकोनाच्या पोटात त्याची माहिती: नाव, जन्मतारीख, इयत्ता. नकाशा पक्का झाला की मग प्रोग्रामर बांधकामाला लागतात. या नकाशे काढण्याला मॉडेलिंग म्हणतात. हा शब्द मी एकदा सासूबाईंपुढे उच्चारला. पुढे आठ दिवस त्या मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या आणि 'हिला कोण घेतं?' हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नव्हता.

उदारीकरणानंतरचे ते दिवस. हैदराबादेत ज्याला त्याला एकदम कॉम्प्युटर हवा झाला होता. कशाला हवा, ते बहुतेकांना ठाऊक नव्हतं, आणि ते शोधून काढण्याचं काम आमच्यासारख्या कंपन्यांकडे यायचं. आमचे मालक मूर्तीसाहेब. मूळचे ते पाण्याचे पंप विकायचे. "पंप काय, सॉफ्टवेअर काय, गिऱ्हाइकाला वर पाणी चढलेलं दिसलं पाहिजे," असं त्यांचं तत्त्वज्ञान होतं.

नकाशे काढायचं विकतचं सॉफ्टवेअर फार महाग होतं. मूर्तीसाहेबांनी किंमत ऐकली आणि पंख्याचा वेग वाढवायला सांगितलं. मग मी इंटरनेटवर एक फुकटचं शोधून काढलं. परदेशातल्या कुणा विद्यार्थ्याने ते लिहून जगासाठी मोकळं सोडलं होतं: घ्या, वापरा, हवं तसं बदला. मूर्तीसाहेबांना ते पटेना.

"नलिनीगारू, फुकट कसं? त्याचा बाप काय करतो?"

"मला काय माहीत साहेब."

"आणि बिघडलं तर शिव्या कुणाला घालायच्या?"

ही अडचण खरी होती. पण शिव्यांची सोय नाही म्हणून सॉफ्टवेअर नाकारणं त्यांच्या खिशाला परवडणारं नव्हतं. टेलिफोनच्या लाईनवरून ते उतरवायला दोन दिवस लागले, कारण शेवटचं थोडंसं राहिलं की मूर्तीसाहेबांच्या घरून भाजी काय आणायची ते विचारायला फोन यायचा, लाईन तुटायची आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचो. तिसऱ्या वेळी मी वहिनींना सांगितलं, "वांगी ठरलीत, आता संध्याकाळपर्यंत फोन करू नका." त्या दिवशी ते उतरलं.

पुढचं काम माझं. आमच्याकडे नऊ प्रोग्रामर होते आणि नऊ जण एकाच गोष्टीला नऊ नावं द्यायचे. कुणी 'स्टुडंट' लिही, कुणी 'प्यूपिल', एकाने तर नुसतं 'पोरगा' लिहिलं होतं. चौकोन एकमेकांना जुळेनात. म्हणून मी त्या सॉफ्टवेअरमध्ये तयार पर्याय भरून ठेवायचे ठरवलं. कुणी हाताने काही लिहायचंच नाही. बटण दाबलं की यादी उघडेल, त्यातलं एक निवडा आणि गप्प बसा. लिंग, इयत्ता, जिल्हा, नातं, भाषा, सगळ्याच्या याद्या. या याद्या एका साध्या फाइलमध्ये लिहायच्या असत. तिच्यात एक स्वल्पविराम चुकला की ते सॉफ्टवेअर रुसून बसायचं आणि त्या विद्यार्थ्याच्या भाषेत, जी आमच्यापैकी कुणालाच येत नव्हती, काहीतरी बोलायचं. मी त्याला ईमेल केली. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: चाळिसाव्या ओळीत स्वल्पविराम नाही, आणि हैदराबादेत माझा प्रोग्राम कुणी वापरतंय हे ऐकून आईला फोन करून सांगितलं. मी ते पत्र छापून भिंतीला लावलं. विकतच्या सॉफ्टवेअरवाल्यांनी आपल्या आईला काही सांगितल्याचं मला आठवत नाही.

या याद्यांनी आमची अब्रू पुष्कळदा राखली. एका खात्याच्या साहेबांना नकाशात वास्तुशास्त्र हवं होतं. 'वसुली'चा चौकोन ईशान्येला पाहिजे म्हणाले. मी तसा पर्याय करून ठेवला: वसुली निवडलं की चौकोन आपोआप वर उजवीकडे जाऊन बसे. साहेब खात्री करायला होकायंत्र घेऊन आले. ते मॉनिटरपाशी नेलं की काटा वेड्यासारखा फिरायला लागायचा, कारण जुन्या मॉनिटरच्या पोटात चुंबक असायचं. साहेबांनी निष्कर्ष काढला की मॉनिटरच अशुभ आहे. आमची सगळी टेबलं फिरवली गेली. माझी पाठ पुढे चार वर्षं दाराकडे होती.

मग ते शाळांचं काम आलं. एका सरकारी खात्याला राज्यातल्या शाळांची नि मुलांची माहिती कॉम्प्युटरवर हवी होती. आमच्या नकाशातून फॉर्म तयार होणार, ते फॉर्म शाळाशाळांतून भरले जाणार, मग त्यावरून अहवाल निघणार. म्हणजे माझ्या यादीत जे असेल तेच राज्यभरच्या कागदांवर असेल. असला अधिकार मला घरात कधी मिळाला नव्हता.

याच कामासाठी पुण्याहून अमेय नावाचा एक तरुण आमच्याकडे आला होता. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "मॅडम, तुम्ही मराठी छान बोलता. कुठे शिकलात?" आमचं घराणं चार पिढ्या हैदराबादेत. आजोबा निजामाच्या कचेरीत होते. मी म्हटलं, "घरीच. आईने खाजगी शिकवणी ठेवली होती." तो थोडा वेळ खरं समजला होता. माझ्या हैदराबादी 'हौ' आणि 'परेशान'ला हसायचा, पण कामाला तल्लख होता.

मातृभाषेच्या यादीत खात्याच्या कागदाप्रमाणे अकरा नावं होती. फॉर्मवर मात्र त्या जागी पाचच ओळी बसत. सहावी घातली की खालचा पत्त्याचा चौकोन दुसऱ्या पानावर जाई, आणि फॉर्म एका पानात हवा, अशी मूर्तीसाहेबांची ताकीद होती. मी यादी कापली. तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी, इतर.

अमेय मागे उभा होता. म्हणाला, "मॅडम, मराठी?"

"इतरमध्ये येईल की."

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"पान वाचलं, एवढंच वाटतं," मी म्हणाले. "पुढच्या वेळी घालू." आणि फाइल बंद केली. माझा स्वर कसा होता तेही मला आठवतं. कामसू माणसाचा असतो तसा, थोडा तोऱ्याचा.

खात्याने नकाशावर सही केली, तो गोठला. गोठला म्हणजे आता त्यात कुणी बोट घालायचं नाही. फॉर्म छापले गेले, भरले गेले. आम्ही पेढे वाटले.

वर्षभराने एका दुपारी तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत उदगीरकर बाई आल्या. जामबागच्या एका छोट्या मराठी शाळेत त्यांनी मला तिसरीत शिकवलं होतं, आणि आता त्या तिथल्या मुख्याध्यापिका होत्या. वयाची सत्तावन्न, हातात छत्री, आवाज तोच.

"ए भालकीकर, तू कॉम्प्युटरमध्ये आहेस ना?" माझं लग्न होऊन सतरा वर्षं झाली होती, पण बाईंच्या हजेरीपटात मी अजून माहेरच्या नावाने होते. "हे बघ काय आलंय."

खात्याचं पत्र होतं. संगणकीकृत माहितीनुसार आपल्या शाळेत मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या शून्य आहे. सबब मराठी माध्यमाची गरज काय याचा खुलासा करावा. अन्यथा शाळा बंद करून दोन्ही शिक्षिकांच्या जागा काढून घेण्यात येतील.

"शून्य," बाई म्हणाल्या. "मग रोज सकाळी दहा वाजता मी ओरडते कुणावर? भिंतीवर? हे कुठल्या गाढवानं केलं ते शोधून दे मला. तुमच्या लाइनीतलाच असणार."

पलीकडच्या टेबलावर अमेय टाईप करत होता. त्याची बोटं थांबली.

आणि मी म्हणाले, "बघते बाई. कुणीतरी चूक केली असेल."

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि तिसरीतल्या मुलीसारखी धडधडीत खोटं बोलले. बाईंना पाणी दिलं, पोस्टापाशी बसस्टॉपवर सोडायला खाली उतरले. बस येईना. बाई रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "तुझ्यासारखी पोर आत आहे म्हणून धीर आला गं." तेव्हा मला राहवेना.

"बाई, ते गाढव मीच."

मी सगळं सांगितलं. पाच ओळी, पान, पत्त्याचा चौकोन. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मधे त्यांची बस आली, गेली.

"म्हणजे एका पानात बसेना म्हणून तू मराठी काढलीस."

"हो."

"तुला मी वर्गाबाहेर उभं करायचे ते बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. मग छत्री दुसऱ्या हातात घेतली. "रडू नकोस इथे, लोक बघतायत. दुरुस्त कर."

दुरुस्त करणं माझ्या फाइलमध्ये अर्ध्या मिनिटाचं काम होतं. एक शब्द आणि एक स्वल्पविराम. बाकी सगळं डोंगर होतं. मूर्तीसाहेब म्हणाले, काम संपलं, सही झाली, आता एका भाषेसाठी कोण उकरणार? मी हटून बसले तेव्हा म्हणाले, "ठीक, खात्याला पत्र लिहू. चूक त्या फुकटच्या सॉफ्टवेअरची, असं लिहा. त्यात सहा पर्याय मावत नाहीत म्हणा."

"त्यात सहाशे मावतात साहेब."

"खात्याला कुठे माहीत आहे? आणि तो पोरगा काय इथे साक्षीला येणार आहे? परवालेदु, चालून जाईल."

आता शिव्या कुणाला घालायच्या हा त्यांचा जुना प्रश्न सुटला होता. मी भिंतीवरच्या पत्राकडे पाहिलं. ज्याने आईला फोन करून सांगितलं होतं त्याच्या नावावर माझं शेण थापायचं मला जमेना. मी लिहिलं: यादी मी केली, मूळ कागदात मराठी होती, मी ती वगळली. खाली सही. मूर्तीसाहेबांनी ते दोनदा वाचलं. "तुम्ही मला बुडवणार," म्हणाले, आणि तरीही कंपनीचा शिक्का मारला. त्यांना मी याबद्दल आयुष्यभर मानत आले. अर्थात पुढचा महिनाभर ते मला 'हरिश्चंद्रम्मा' म्हणत होते.

खात्यात आमचं काम रझवीसाहेबांकडे होतं. नामपल्लीला त्यांची कचेरी. त्यांनी माझं पत्र वाचलं, चष्मा काढला.

"बीस साल की नौकरी में पहली बार कोई लिखके दिया के गलती मेरी है. मैं इसको किस फाइल में लगाऊँ? ऐसी फाइलच नै हमारे पास."

मला हसावं की घाबरावं कळेना. पण माणूस सरळ होता. म्हणाले, सगळ्या राज्याचा फॉर्म पुढच्या छपाईत बदलू. या एका शाळेचे फॉर्म आताच नव्याने भरून आणा, पालकांच्या सहीने. नियमाप्रमाणे त्या भाषेची निदान वीस मुलं पाहिजेत. पंधरा दिवस.

"वीस?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडे चौसष्ट आहेत." नवे फॉर्म मुलांबरोबर घरोघरी गेले. त्यांत सहा ओळी होत्या. पत्ता दुसऱ्या पानावर गेला आणि आकाश कोसळलं नाही.

फॉर्म परत आले तेव्हा मी, अमेय आणि बाई शाळेच्या वर्गात जमिनीवर बसून ते लावत होतो. पहिला फॉर्म ज्यांच्या नातवाचा निघाला ते आजोबा इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात 'मराठी टिकली पाहिजे' यावर अर्धा तास बोलतात. त्यावर मुलाच्या वडिलांची खूण होती: इंग्रजी. बाई म्हणाल्या, चुकून झाली असेल. मग दुसरा, हिंदी. तिसरा, तेलुगू. मग पुन्हा इंग्रजी. कागदांचे ढीग वाढत गेले. आडनावं जोशी, कुलकर्णी, पाटील, देशमुख. कुणाला वाटलं इंग्रजी लिहिलं तर पुढे बरं पडेल, कुणाला वाटलं सरकार तेलुगूला काही देईल.

अमेयने मोजलं. मराठी घरांतली मराठी : सतरा.

"माझ्या यादीत नव्हती तेव्हा शून्य होते," मी म्हणाले, "आता आहे तर सतरा." हे मी कुणाला उद्देशून म्हणाले ते मलाही ठाऊक नाही.

"अजून सहा आहेत," अमेय म्हणाला. "पण मॅडम, हे बघा."

शाळेची आया लक्ष्मम्मा, तिची दोन मुलं. समोरच्या इस्त्रीवाल्याची तिघं. आणि गल्लीच्या तोंडाशी शिवणकाम करणाऱ्या ख्वाजामियांची मुलगी, शेख रेश्मा, चौथी. ही सगळी घराजवळ शाळा म्हणून आलेली. सहाही फॉर्मांवर मराठीपुढे खूण.

"बाई, हे खोटं आहे," मी म्हणाले. "हे भरलं तर मी पुन्हा चूक करीन. या वेळी जाणूनबुजून."

"त्यांनी स्वतः लिहिलंय. तू विचारणारी कोण?"

"माहिती भरणारी."

बाई चिडल्या. "सतरावर शाळा जाते. तुझा खरेपणा त्या पोरांना कुठल्या वर्गात बसवणार आहे, सांग." मी उठले आणि ख्वाजामियांकडे गेले. एवढं तरी विचारायला हवं होतं.

ते मशीनवर होते. मी विचारलं, फॉर्मवर मराठी तुम्हीच लिहिलंत का, की कुणी सांगितलं?

"गलत लिखे क्या?" त्यांनी पाय थांबवला. "देखो अम्मा, अपन घर में उर्दू बोलते. बच्ची मेरेसे भी उर्दूच बोलती. मगर नींद में बड़बड़ाती ना, तो मराठी में बड़बड़ाती. पहाड़े, कविता, क्या क्या. मैं उठके बैठता, एक लफ्ज समझ में नै आता. अब बोलो, उसकी ज़बान क्या हुई? तुम पढ़ेलिखे हो."

मी पंचवीस वर्षं याद्या केल्या, पण या प्रश्नाला माझ्याकडे पर्याय नव्हता. परत आले आणि सहाही फॉर्म भरले. तेवीस.

रझवीसाहेबांनी यादीवरून बोट फिरवलं. ते बोट एका नावावर थांबलं.

"शेख रेश्मा. मराठी?"

"जी. शेख रेश्मा. मराठी."

ते म्हणाले, "मेरी वालिदा परभणी की थीं. उर्दू में प्यार करती थीं, डाँटती मराठी में थीं. मेरेकु आज तक डर मराठी से लगता." आणि सही केली.

शाळा राहिली, पण तेवीस मुलांवर शिक्षिकेची एकच जागा मिळाली. दुसरी शिक्षिका तरुण होती, लहान मूल पदरात. बाईंनी आपली जागा सोडली. निवृत्तीला वर्षभर बाकी होतं. त्यानंतरही त्या रोज दहाला शाळेत यायच्या, बिनपगारी ओरडायला. मला त्यांनी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि हे त्यांनी कधी केलेल्या कुठल्याही शिक्षेपेक्षा जड गेलं. मी मूळ यादीत एक ओळ ठेवली असती तर कदाचित कुणी मोजायलाच आलं नसतं. कदाचित आलंही असतं. ते इंग्रजी, हिंदी, तेलुगूचे फॉर्म मी भरलेले नव्हते. या दोन कदाचितांमध्ये मी अजून मधूनमधून जागी असते.

आणखी सहा वर्षं ती शाळा चालली. मग बंद पडली, मुलांअभावी, कुणाच्याही यादीचा दोष नसताना. माझी स्वतःची मुलगी कधीच तिथे गेली नव्हती. ती बंगळुरूला असते, फोनवर मराठी बोलते. वाचायला म्हटलं तर "आई, व्हॉइस नोट भेजो ना" म्हणते.

हा लेख लिहून झाल्यावर मी दिवाळी अंकाच्या अक्षरजुळणीसाठी दिला. ते काम गेली काही वर्षं मंडळ बाहेर देतं. परवा तपासलेली प्रत परत आली. तांबड्या शाईने अठरा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले होते, एका ठिकाणी समासात लिहिलं होतं, 'मॅडम, हे वाक्य मराठी वाटत नाही, बदलावं.' बदललं. खाली सही होती, शेख रेश्मा.